शाईचे पहिले हजार फॉलोअर्स

वाचकाचं पत्र: आमच्याकडे शाई नावाची अडीच वर्षांची काळी गावठी कुत्री आहे. चार महिन्यांपूर्वी मी आणि अकरावीतल्या माझ्या भावानं तिचं इन्स्टाग्राम अकाउंट उघडलं. आतापर्यंत ६३ पोस्ट झाल्या: झोपलेली शाई, रंकाळ्यावरची शाई, मध्येच भावाच्या वाढदिवसाचा केक, काही मीम्स. फॉलोअर्स २१२, त्यातले निम्मे नातेवाईक आणि कॉलेजची मंडळी. रील्सना दीडशे-दोनशे व्ह्यूज येतात आणि तिथंच थांबतात. एकदाच, उघडी छत्री बघून शाई भुंकते त्या रीलला ९,००० व्ह्यूज आले, पण फॉलोअर्स ११च वाढले. भावाचं म्हणणं, हिंदी-इंग्रजीत करूया. एक जण ४०० रुपयांत १,००० फॉलोअर्स देतो म्हणतोय. पट्टे विकणाऱ्या एका पेजनं शाईला 'ब्रँड अँबॅसेडर' करतो असा मेसेज केलाय, पण आधी त्यांचा पट्टा आम्हीच विकत घ्यायचा. नेमकं काय करावं? आणि यातून कमाई कधी सुरू होते?
– शाईची ताई, कोल्हापूर

प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, ९,००० आणि ११ या दोन आकड्यांत. इतक्या वेळा ती छत्री पाहिली गेली, म्हणजे शाई लोकांना आवडते यात शंका नको. बघणाऱ्यांपैकी काही जण नावावर बोट ठेवून प्रोफाइलपर्यंत आलेही असतील. तिथं त्यांना केक दिसला, मीम दिसलं, अंधूक फोटोत झोपलेली एक काळी आकृती दिसली. छत्रीसारखं आणखी काही इथं मिळेल असं वाटायला जागाच नव्हती. आवडलेल्या रीलला माणूस लाईक देतो. फॉलो करतो ते उद्या येणाऱ्या रीलसाठी. त्यामुळे पहिल्या हजारापर्यंत तुमचं काम एकच: इथं उद्या काय बघायला मिळणार, हे अनोळखी माणसाला प्रोफाइल उघडताच कळलं पाहिजे.

त्यासाठी मालिका करा. छत्रीच्या रीलमध्ये ती तयारच आहे: शाई आणि नवीन वस्तू. नाव आम्ही सुचवतो, 'शाईचा पंचनामा'. दर भागात घरातली एक वस्तू जमिनीवर ठेवायची आणि शाई तिची तपासणी कशी करते ते दाखवायचं. पंचनामा क्र. १ छत्री, क्र. २ धान्य पाखडायचं सूप, क्र. ३ भावाचं हेल्मेट. मग परडी, घोंगडी, खलबत्ता, शहाळं, अख्खा फणस, कुकरचं झाकण, गणपतीच्या आधी माळ्यावरून खाली येणारा मखराचा खोका. वस्तूंना तोटा नाही. क्रमांक जरूर घाला, तोही कव्हरवर आणि मोठ्या अक्षरात. 'क्र. ७' दिसलं की आधीचे सहा शोधायला माणूस आपोआप प्रोफाइलवर जातो.

एकाच ओळखीवर प्राणी किती लांब जातो याचं ठळक उदाहरण म्हणजे २०१२ मध्ये रेडिट या संकेतस्थळावरच्या फोटोतून जगभर पोचलेली ग्रम्पी कॅट. प्रत्येक फोटोत तोच रुसलेला चेहरा, आणि लोक त्यासाठीच परत यायचे. तो चेहरा तसा असण्यामागे जन्मजात खुजेपण आणि पुढे आलेला खालचा जबडा होता, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं होतं. शाई धडधाकट आहे. तिची ओळख तिच्या वागण्यातून घडवता येते, आणि आमच्या मते तो जास्त चांगला रस्ता आहे.

पण मालिका सुरू करण्याआधी ती छत्रीची रील पुन्हा एकदा आवाज बंद करून पाहा. शाई भुंकताना तिचं वजन पुढच्या पायांवर आहे की मागच्या? शेपटी सैल हलते आहे की पोटाखाली गेली आहे? कान मागे चिकटलेत का, डोळ्यांच्या कडेला पांढरा भाग दिसतोय का, ती सारखी ओठ चाटतेय किंवा झोप आलेली नसताना जांभई देतेय का? वजन मागे, शेपटी आत, कान मागे असं असेल तर ती घाबरली होती, आणि तशी रील पुन्हा करू नये. घाबरवून मिळालेलं भुंकणं पुढे गुरगुरण्यावर आणि मग चावण्यावर येऊ शकतं. शिवाय कुत्री ओळखणारे प्रेक्षक, म्हणजे तुम्हाला हवे असलेले नेमके तेच लोक, हे क्षणात हेरतात आणि कमेंटमध्ये बोलून दाखवतात.

म्हणून पंचनाम्याचा नियम असा ठेवा: वस्तू आधी ठेवलेली असते, शाई स्वतःहून येते. छत्री तिच्यासमोर फटकन उघडायची नाही. मिटलेली ठेवायची, दोन दिवसांनी अर्धी उघडून. कुकरचं फक्त झाकण ठेवायचं, शिट्टी नाही. वस्तूभोवती उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे आठ-दहा तुकडे टाकायचे. मीठ, मसाला, कांदा-लसूण काही नको. खाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शावर जाऊ नये, नाहीतर वर्षभरात शाईचं वजन दिसायला लागेल. शूटिंग पाच मिनिटांचं. ती निघून गेली की त्या दिवसाचं काम संपलं. काही वस्तू यादीतच घेऊ नका: द्राक्षं आणि मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ हे कुत्र्यांना विषारी, आंब्याची कोय आणि मक्याचं कणीस गिळलं तर आतड्यात अडकतं, सुईदोरा आणि मांजा तर लांबच ठेवा.

आता काळ्या कुत्र्याचं शूटिंग, कारण तुमची निम्मी अडचण इथं आहे असं आम्हाला वाटतं. फोनचा कॅमेरा सगळं चित्र मध्यम उजेडाचं करू बघतो. शाईनं फ्रेम भरली की तो उजेड वाढवतो. मग केस राखाडी आणि दाणेदार दिसतात आणि मागची भिंत पांढरीफटक होते. फ्रेममध्ये ऊन जास्त असेल तर उलट होतं, शाई काळा डाग होऊन जाते. उपाय असा: सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळी पाचच्या सुमारास दारात, व्हरांड्यात किंवा गच्चीवरच्या सावलीत शूट करा. उजेड तिच्या तोंडावर बाजूनं यावा, पाठीमागून नाही. मागची भिंत मध्यम रंगाची बघा, पिवळट किंवा फिकट निळी. पांढरी नको आणि काळोखी खोलीही नको. जमिनीवर फिकट गोधडी टाकली तर पाय आणि शेपटी वेगळी उठून दिसतात. स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथंच कुलूपबंद होतो. मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा, इतकीच की केस काळे दिसतील पण त्यातली लव हरवणार नाही. आणि डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका दिसलाच पाहिजे. काळ्या कुत्र्याच्या डोळ्यात तो नसेल तर चेहराच कळत नाही, आणि चेहरा कळला नाही की अंगठा पुढे सरकतो. फ्लॅश वापरू नका. कुत्र्यांच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, त्यानं डोळे हिरवट चमकतात.

घरात ट्यूबलाइटखाली घेतलेल्या व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसत असतील तर कारण विजेचं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि ३० फ्रेमच्या व्हिडिओशी त्याचा मेळ बसत नाही. फोनमध्ये २५ फ्रेमचा पर्याय असेल तर घरात तो घ्या (आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'पाल' प्रकार सुरू करावा लागतो), किंवा प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. १२० किंवा २४० फ्रेमचा स्लो मोशन फक्त दिवसाच्या उजेडात. बाकी ४के ची गरज नाही, १०८०पी पुरे. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये मीडिया क्वालिटीत 'अपलोड ॲट हायेस्ट क्वालिटी' मात्र सुरू करून ठेवा. लेन्स दर वेळी पुसा; खिशातल्या फोनवर बोटांचा तेलकटपणा असतोच आणि त्यानं काळा रंग सगळ्यात आधी धुरकट होतो.

फोन उभा धरा आणि शाईच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. दोन विटांना टेकवून ठेवला तरी चालतो. उभ्या माणसाच्या उंचीवरून घेतलेल्या व्हिडिओत कुत्र्याची पाठ दिसते, भाव दिसत नाहीत.

एडिटिंगमध्ये पहिले दोन सेकंद सगळं ठरवतात. नवशिक्या अकाउंटच्या बहुतेक रील्स "शाई, इकडे बघ, ए शाई" अशा हाकांनी सुरू होतात आणि गंमत सहाव्या सेकंदाला येते. तोवर बघणारा गेलेला असतो. पहिल्याच फ्रेममध्ये शाई आणि वस्तू दोन्ही दिसू द्या, शाई हालचालीत असू द्या आणि वर पाच-सहा शब्द: 'शाईनं पहिल्यांदा फणस पाहिला'. एकूण लांबी ८ ते १५ सेकंद. शेवट तिच्या निर्णयावर कापा: तिनं फणसाला पंजा मारला, पाठ फिरवली, किंवा त्यावर हनुवटी टेकून झोपली. त्यानंतरचं हसणं, टाळ्या, 'फॉलो करा' ची पाटी, सगळं काढून टाका. लोक रील दुसऱ्यांदा बघतात ती अशी झटकन संपली तरच.

हे एवढं का, तर इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की रील पुढे न्यायची का हे ठरवताना तीन गोष्टींना सर्वांत जास्त वजन असतं: किती वेळ पाहिली गेली, पोचलेल्यांपैकी किती जणांनी लाईक केली आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवली. ओळखीच्या माणसांपर्यंत पोचताना लाईकला वजन जास्त, अनोळखी माणसांपर्यंत पोचताना पाठवण्याला. तुमची गाडी दीडशे-दोनशेवर अडते त्याचं उत्तर यात आहे. मावशी, आत्या, वर्गमित्र लाईक देऊन पुढे जातात. पूर्ण बघत नाहीत आणि कुणाला पाठवतही नाहीत. त्यांना काढून टाकू नका. त्यांना एवढंच सांगा, "लाईक नको, ज्यांच्या घरी कुत्रा आहे अशा एकाला पाठव."

मग लोक दुसऱ्याला काय पाठवतात? 'हे अगदी आपल्या मोत्यासारखं आहे' असं वाटलं की पाठवतात. इथं भावाच्या प्रश्नाचं उत्तर येतं. मराठीतच करा, आणि कोल्हापुरीत करा. हिंदी-इंग्रजीत गोंडस कुत्र्यांची अकाउंट्स ढिगानं आहेत, त्यात लॅब्राडॉर, गोल्डन, हस्की पुढे असतात. गावठी कुत्रीच्या तोंडी कोल्हापुरी बोलणं ही मात्र वेगळी जागा आहे. शाईच्या मनातलं बोलताना "मी आलो, मी बघितलो" अशी तुमच्याकडच्या मुलींची बोली खुशाल वापरा. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्या कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला ती ऐकली की घरच्यांची आठवण येते, आणि रील थेट घरच्या ग्रुपवर जाते. आवाज तुमचा किंवा भावाचा असू द्या. तयार ट्रेंडिंग संवादांवर शाईला बसवू नका. बोललेलं सगळं देवनागरीत स्क्रीनवर लिहा, कारण बस-ऑफिसात लोक आवाज बंद ठेवून बघतात. अक्षरं स्क्रीनच्या मधल्या किंवा वरच्या भागात. खालच्या भागावर कॅप्शन येतं आणि उजव्या कडेला बटणं.

कॅप्शनमध्ये एक साधी ओळ पुरते, पण तीत लोक शोधतात ते शब्द हवेत: गावठी कुत्रा, देशी कुत्रा, कोल्हापूर. इंडी डॉग हे शब्द रोमन लिपीतही लिहा, कारण शोध बहुतेक तसाच टाइप होतो. हॅशटॅग तीन ते पाच, त्यावर याहून जास्त वेळ घालवू नका. वेळेचंही तसंच: तुमच्या इन्साइट्समध्ये (अकाउंटच्या आकडेवारीत) फॉलोअर्स कधी जागे असतात ते दिसतं, त्याच्या तासभर आधी टाका, विषय संपला.

प्रोफाइलची साफसफाई एका दुपारी होईल. ज्या पोस्टमध्ये शाई नाही किंवा नीट दिसत नाही ती अर्काइव्ह करा, म्हणजे इतरांपासून लपवून ठेवा. डिलीट करायचं कारण नाही. ६३ पैकी १५ उरल्या तरी चालेल. वरच्या नावाच्या रकान्यात नुसतं 'शाई' न लिहिता 'शाई | कोल्हापूरची गावठी कुत्री' असं लिहा, शोधात हा रकाना धरला जातो. तो १४ दिवसांत दोनदाच बदलता येतो, तेव्हा विचार करून लिहा. बायोला १५० अक्षरं मिळतात. त्यात मालिका सांगा: 'घरातल्या प्रत्येक वस्तूचा पंचनामा. बुधवार, शुक्रवार, रविवार.' वर तीन पोस्ट पिन करता येतात: छत्री (तपासून, ती घाबरलेली नसेल तरच), शाई घरी कशी आली ते सांगणारी एक रील, आणि सगळ्यात जास्त पाठवली गेलेली एक. कव्हर बनवताना लक्षात ठेवा, प्रोफाइलवरचे चौकोन आता ३:४ उभे असतात. १०८० × १९२० च्या कव्हरचे वरचे आणि खालचे २४० पिक्सेल कापले जातात, तेव्हा क्रमांक मधल्या भागात घ्या.

अकाउंट 'क्रिएटर' प्रकारचं करा, फुकट असतं. इन्साइट्स त्यातच मिळतात. 'बिझनेस' घेतलंत तर गाण्यांची निवड बरीच कमी होते. अकाउंट तुमच्या नावाच्या ईमेलवर आणि तुमच्या खऱ्या जन्मतारखेवर ठेवा. भाऊ १८ च्या खालचा आहे आणि इन्स्टाग्राम त्या वयाच्या अकाउंट्सवर बरीच बंधनं घालतं.

आठवड्याला तीन रील्स पुरेत. चार महिन्यांत ६३ म्हणजे तुम्ही आताच आठवड्याला जवळपास चार टाकताय, तेव्हा कष्ट वाढवायची गरज नाही. शनिवारी-रविवारी सकाळी मिळून तीन वस्तू शूट करा, सगळं एकाच दिवशी उरकायला जाऊ नका. तिसऱ्या वस्तूला शाई कंटाळते आणि ते दिसतं. रील टाकायच्या आधी मूळ व्हिडिओ गॅलरीत ठेवा, म्हणजे कुठल्याही ॲपचा शिक्का नसलेली प्रत यूट्यूब शॉर्ट्स आणि फेसबुकवरही टाकता येईल. शिक्का असलेला व्हिडिओ इन्स्टाग्राम नव्या लोकांना दाखवायला नाखूष असतं. फेसबुकला कमी लेखू नका. चाळिशीपुढचा मराठी प्रेक्षक तिथं आहे आणि पाठवण्यात तो तरुणांपेक्षा उदार आहे. परदेशी पेट अकाउंटवाल्यांचे टिकटॉकचे सल्ले मात्र सोडून द्या. २९ जून २०२० पासून ते भारतात बंद आहे.

यानंतरचं काम रीलमध्ये दिसत नाही, पण पहिल्या हजारातले बरेच जण इथून येतात. रोज पंधरा मिनिटं काढा. महाराष्ट्रातली गावठी कुत्र्यांची, दत्तक देणाऱ्या गटांची, पशुवैद्यांची, तुमच्याएवढी किंवा पाचपट मोठी वीस-तीस अकाउंट्स निवडा आणि रोज त्यातल्या पाच-सहांवर अर्थ असलेली कमेंट करा. 'क्यूट' लिहून काही होत नाही. कुणी पावसाळ्यातल्या गोचिडांबद्दल लिहिलं असेल तर शाईला डॉक्टरांनी काय दिलं ते विचारा-सांगा. लाखभर फॉलोअर्सच्या अकाउंटखाली तुमची कमेंट कुणी वाचत नाही, हजारवाल्याकडे तो स्वतः उत्तर देतो. तुमच्या रीलखाली कमेंट आली की पहिल्या तासात उत्तर द्या, शक्यतो प्रश्नानं: "तुमचा टॉमी सुपाला भितो का?" बघता बघता लोक पुढच्या पंचनाम्यासाठी वस्तू सुचवू लागतील. सुचवणाऱ्याचं नाव पुढच्या रीलमध्ये घ्या. तो माणूस ती रील पाठवणारच.

महिन्यातून एकदा 'कोलॅब' पोस्ट करा. ती दोन्ही अकाउंटवर एकदम दिसते. दुसऱ्या कुत्र्याबरोबर करायची असेल तर दोघांचं लसीकरण झालेलं असावं आणि भेट कुणाच्याच घरी नको. मोकळ्या रस्त्यावर दोघांना पट्ट्यावर, मध्ये अंतर ठेवून समांतर चालवा, मग जवळ आणा. आम्हाला त्याहून आवडणारी गोष्ट ही: काळ्या कुत्र्याला कॅमेऱ्यात कसं पकडायचं हे महिनाभरात तुमच्या हाताला येईल. तुमच्या भागातल्या दत्तक गटाकडे जाऊन तिथल्या काळ्या पिल्लांच्या रील्स फुकट करून द्या. त्यांचे फोटो घाईत काढलेले, चेहरा न दिसणारे असतात. एखाद्या पिल्लाला घर मिळालं तर अकाउंटचं चीज झालं, आणि ती रील पाठवणारे लोक प्राण्यांसाठी खरंच जीव टाकणारे असतात.

४०० रुपयांचे फॉलोअर्स घेऊ नका. ती बनावट किंवा पडीक अकाउंट्स असतात. रील त्यांना दाखवली जाईल, ते बघणार नाहीत, आणि 'हिच्याच फॉलोअर्सना ही नको आहे' असा निष्कर्ष निघेल. २१२ जिवंत माणसांवर चढत जाणं सोपं. १,००० मेलेली अकाउंट्स पाठीवर घेऊन चढणं अवघड, आणि ती एकेक करून काढत बसावं लागतं. शेकड्यानं फॉलो करून नंतर अनफॉलो करण्याचंही तेच. इन्स्टाग्राम काही काळ हात बांधून टाकतं. गिव्हअवेनं, म्हणजे फॉलो करणाऱ्यांत बक्षीस वाटून, आकडा फुगतो, निकाल लागला की उतरतो.

पट्टेवाल्यांना नम्रपणे नकार द्या. खरा ब्रँड वस्तू पाठवतो किंवा पैसे देतो. विकत घ्यायला सांगतो तो तुम्हाला गिऱ्हाईक समजतो. या धंद्याची ओळख सोपी आहे: तुमच्या रीलखाली 'आम्हाला मेसेज करा' अशी कमेंट दोन-तीन वेगवेगळ्या अकाउंटवरून येते, मग 'फक्त तुमच्यासाठी' सवलतीचा कोड किंवा फक्त डिलिव्हरीचा खर्च. तोच मेसेज शेकडो कुत्र्यांना गेलेला असतो. 'इतके रुपये द्या, आमच्या मोठ्या पेजवर फोटो लावतो' हाही त्यातलाच प्रकार. याहून घातक म्हणजे 'कॉपीराइटचा भंग झालाय, २४ तासांत इथं लॉगिन करा' असा मेसेज. इन्स्टाग्रामनं खरंच ईमेल पाठवलाय का हे ॲपमध्येच पासवर्ड आणि सुरक्षेच्या विभागात बघता येतं. टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) आजच सुरू करा, असे कोड देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा.

सुरक्षेचं आणखी थोडं. लोकेशनमध्ये फक्त कोल्हापूर लिहा. गल्ली, बंगल्याचं नाव, गेट, गाडीचा नंबर फ्रेममध्ये नको. फिरायला गेल्याचा व्हिडिओ घरी आल्यावर टाका आणि रोजची वेळ कधीच सांगू नका. शाईच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबर असायलाच हवा, पण शूटिंगला तो उलटा फिरवा. लसीकरणाचं कार्ड दाखवायचं असेल तर नाव-पत्ता झाकून.

एक वही करा आणि दर रीलसाठी पाच गोष्टी लिहा: पोच (किती जणांना दिसली), सरासरी किती सेकंद पाहिली, किती जणांनी पाठवली, किती फॉलो आले, आणि वस्तू कोणती. टाकल्यावर सात दिवसांनी लिहा, त्याआधी नाही. १२ सेकंदांच्या रीलची सरासरी ३-४ सेकंद असेल तर सुरुवात फसली आहे. ९-१० असेल पण पाठवणारे कमी असतील तर रील बघायला बरी आहे, पण कुणाची आठवण करून देत नाही, बोलणं बदला. दोन्ही चांगलं आणि फॉलो कमी, तर प्रोफाइल अजून नीट लागलेलं नाही. १२ रील्स झाल्या की वही उघडा. ज्या तीन वस्तूंनी सर्वांत जास्त फॉलो आणले त्यांच्यासारख्या पुढच्या सहा निवडा. एखादी रील पडली म्हणून लगेच काढून टाकू नका, काही रील्स दोन-तीन आठवड्यांनी उचल घेतात.

कमाईचं सरळ सांगतो. एक हजारावर इन्स्टाग्रामवरून हातात येतील ते फुकटचे नमुने. पैसे मिळतात ते मुख्यतः ब्रँडकडून, आणि ब्रँड आकड्याबरोबरच कमेंट करणारे लोक खरे आहेत का, कुठल्या गावचे आहेत हे बघतात; मराठी प्रेक्षक असलेलं छोटं अकाउंट स्थानिक दुकानाला, पशुवैद्याच्या क्लिनिकला, पेट बोर्डिंगवाल्याला उपयोगी असतं, तेव्हा पहिला प्रस्ताव तिकडून येण्याची शक्यता जास्त. यूट्यूबवर शॉर्ट्सच्या जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर्स आणि ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज लागतात, म्हणून त्यावर आत्ता हिशेब मांडू नका.

वस्तू फुकट मिळाली आणि तुम्ही ती दाखवलीत, तर ती जाहिरात आहे. जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची आणि ग्राहक व्यवहार खात्याची जानेवारी २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात. रीलवर ठळक अक्षरात 'जाहिरात' लिहा, मराठी रीलला मराठीतच, आणि 'पेड पार्टनरशिप'चं लेबलही लावा. एका कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू आल्या तर १ जुलै २०२२ पासूनच्या नियमानं त्यावर १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) लागतो, म्हणून वस्तूंची किंमतही त्याच वहीत लिहीत चला.

पहिला करार तोंडी करू नका. किती रील्स, कोणत्या तारखेला, पैसे कधी, तुमचा व्हिडिओ ते स्वतःच्या जाहिरातीत वापरणार का आणि किती महिने, हे ईमेलवर घ्या. शाईनं वस्तू नाकारली तर रील होणार नाही आणि वस्तू परत जाईल, ही अटही त्यात घाला. खाण्याची वस्तू असेल तर होकार कळवण्याआधी पाकिटावरचे घटक तिच्या डॉक्टरांना दाखवा.